वेगाची किंमत : शक्तिशाली मोटारींचे ब्रेक आणि टायर

(रस्ता सुरक्षा अभियानानिमित्त झालेल्या भाषणाचा मजकूर)



मोटारगाडीच्या गुणांची चर्चा निघाली, की तिची अश्वशक्ती किती आणि ताशी शंभर किलोमीटरचा वेग ती किती सेकंदांत गाठते, हेच प्रथम विचारले जाते. ती किती अंतरात थांबते, आणि थांबताना तिचे जे भाग झिजतात ते बदलण्यास किती खर्च येतो, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. ज्यांना सर्वसाधारणपणे स्पोर्ट्‌स कार म्हटले जाते, त्या शक्तिशाली मोटारींच्या बाबतीत तर हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. अशा मोटारी वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात मूळ किमतीच्या मानाने पुष्कळ स्वस्त मिळतात. गाडी जुनी झाली म्हणजे तिचा भाव उतरतो. परंतु तिचे ब्रेक आणि टायर यांचे भाव उतरत नाहीत. ते नव्या गाडीचेच राहतात. हौसेने गाडी घेणाऱ्याची फसगत बहुधा येथेच होते, आणि खर्च टाळण्याच्या मोहातून पुढे अपघात ओढवतात.

झीज का होते, हे समजण्यासाठी शाळेतील पदार्थविज्ञान पुरेसे आहे. धावत्या वस्तूची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सोळाशे किलो वजनाची मोटार ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असता ती थांबविली, तर निर्माण होणारी उष्णता सुमारे अर्धा लिटर पाणी ३० अंशांपासून उकळबिंदूपर्यंत तापविण्यास पुरेल. तीच मोटार ताशी २०० किलोमीटर वेगाने जात असेल, तर वेग चौपट असला तरी उष्णता सोळापट होते; म्हणजे सुमारे आठ लिटर पाणी तितकेच तापेल. ही सारी उष्णता सहा-सात सेकंदांत ब्रेकच्या चार तबकड्यांना सोसावी लागते. गाडी जितकी जड आणि वेगवान, तितके तिचे ब्रेक मोठे व महाग असण्याचे कारण हेच होय.

पूर्वी मोटारींना ड्रम ब्रेक असत. ड्रमच्या आत कोंडलेली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. लायनर तापतात आणि पकड कमी होते. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने डिस्क ब्रेकचे पेटंट १९०२ मध्येच घेतले होते. परंतु त्याची उपयुक्तता जगास पटली ती १९५३ साली, जेव्हा फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेक असलेल्या जॅग्वार मोटारीने जिंकली. उघड्या तबकडीवर वारा लागतो आणि ती लवकर निवते. त्यानंतर डिस्क ब्रेक हळूहळू सामान्य मोटारींतही आले.

डिस्क बिडाची असते आणि तिला दोन्ही बाजूंनी पॅड आवळतात. नव्या पॅडवरील घर्षणद्रव्याचा थर साधारणतः दहा-बारा मिलिमीटर असतो. तो तीन मिलिमीटरांवर आला, की पॅड बदलणे योग्य. साध्या गाडीत पॅड अनेकदा बदलले तरी डिस्क टिकते. शक्तिशाली गाडीत घर्षण अधिक तीव्र असल्याने डिस्कही पॅडबरोबर झिजत जाते. तिची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. त्याखाली गेलेली डिस्क वापरणे धोक्याचे होय. २००१ च्या सुमारास पोर्शे कंपनीने रस्त्यावरील मोटारींसाठी कार्बन-सिरॅमिक डिस्क उपलब्ध केल्या. त्यांचे वजन बिडाच्या डिस्कच्या सुमारे निम्मे असते, आणि रोजच्या वापरात त्या फार काळ टिकतात. परंतु शर्यतीच्या मैदानावरील सततच्या अतितप्त वापराने त्यांतील कार्बन हळूहळू जळतो, आणि चाक काढताना निष्काळजीपणाने धक्का लागला तर कड उडते. अशा वेळी बदलाचा खर्च लाखांच्या घरात जातो. जुनी गाडी घेणाऱ्याने या डिस्क जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय व्यवहार करू नये.

ब्रेक ऑईलकडेही बहुतेकांचे दुर्लक्ष होते. हे द्रव्य हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ४ या प्रकारच्या नव्या ऑईलचा उकळबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी शोषल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. ऑईल उकळले, की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. पेडल तळापर्यंत जाते, पण ब्रेक लागत नाही. दर दोन वर्षांनी ऑईल बदलण्याचा खर्च इतर कोणत्याही दुरुस्तीच्या मानाने क्षुल्लक आहे. कोकण-गोव्याच्या दमट हवेत तर ही मुदत चुकवूच नये.

आता टायर. रस्त्याशी मोटारीचा संबंध येतो तो चार टायरांच्या तळहाताएवढ्या पृष्ठभागांतूनच. पकड घट्ट हवी तर रबर मऊ हवे, आणि मऊ रबर लवकर झिजते. या दोन्ही गोष्टी एकाच टायरात पूर्णपणे साधत नाहीत. त्यात भर म्हणजे पुष्कळ शक्तिशाली मोटारींचे पुढचे आणि मागचे टायर वेगवेगळ्या मापांचे असतात. साध्या गाडीप्रमाणे पुढचे मागे व मागचे पुढे करून झीज वाटून घेता येत नाही. वळणावर पकड राहावी म्हणून चाके किंचित आत कललेली ठेवतात. त्यामुळे टायराची आतली कड आधी झिजते. बाहेरून पाहणाऱ्यास नक्षी शाबूत दिसते आणि आतून टायर गोटा झालेला असतो.

वेगाची परिसीमा किती खर्चिक असते, याचे बोलके उदाहरण बुगाटी वेरॉन या मोटारीचे आहे. २००५ साली आलेल्या या गाडीचा कमाल वेग ताशी ४०७ किलोमीटर होता. त्या वेगाने धावल्यास टायर सुमारे पंधरा मिनिटे टिकतील, परंतु चिंतेचे कारण नाही, कारण पेट्रोल बारा मिनिटांतच संपेल, असे तिच्याविषयी सांगितले जाई.

सामान्य व्यवहारातील हिशेब असा करावा. समजा, साध्या मोटारीचा एक टायर ५,००० रुपयांस मिळतो आणि ४०,००० किलोमीटर चालतो. चार टायरांचे २०,००० रुपये झाले; म्हणजे दर किलोमीटरला ५० पैसे. शक्तिशाली मोटारीचा टायर ३०,००० रुपयांचा आणि आयुष्य २०,००० किलोमीटर धरले, तर चार टायरांचे १,२०,००० रुपये. दर किलोमीटरला ६ रुपये. खर्च बारापट झाला. भाव गावोगावी बदलतील, पण ही रीत बदलत नाही. गाडी घेण्यापूर्वी टायर, पॅड आणि डिस्क यांचे भाव लेखी घेऊन असा हिशेब मांडावा. तो परवडत नसेल, तर ती गाडीही परवडत नाही, असे समजावे.

घाटात हा विषय केवळ शक्तिशाली मोटारींचा राहत नाही. सोळाशे किलोची कोणतीही गाडी ५०० मीटर उंची उतरते, तेव्हा मुक्त होणारी ऊर्जा ताशी २०० किलोमीटर वेगातून तीनदा थांबण्याइतकी असते. चोर्ला, अनमोड किंवा आंबोली घाट उतरताना सतत ब्रेक दाबून ठेवणारा चालक आपल्या साध्या गाडीच्या ब्रेकवर शर्यतीतील गाडीचा भार टाकीत असतो. म्हणूनच ज्या गिअरमध्ये घाट चढावा, त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आजही शास्त्रशुद्ध आहे.

झिजलेले द्रव्य नाहीसे होत नाही. ते धूळ होऊन हवेत व ओढ्यानाल्यांत जाते. २०२४ मध्ये युरोपीय संघाने स्वीकारलेल्या युरो ७ नियमांत धुराबरोबर ब्रेकच्या धुळीवरही प्रथमच मर्यादा घालण्यात आली. विजेवरील मोटारी वेग कमी करताना ऊर्जा परत बॅटरीत घेतात, म्हणून त्यांचे पॅड कमी झिजतात. मात्र बॅटरीच्या वजनामुळे टायरांवरील भार वाढतो.

वाहनधारकांनी काही गोष्टी नित्य पाळाव्यात. मोटारीच्या टायराची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा उथळ असू नये, हा कायद्याचा नियम आहे. पावसाळ्यापूर्वी मात्र त्याहून अधिक खोली शिल्लक असावी. टायरावरील शेवटचे चार अंक निर्मितीचा आठवडा व वर्ष सांगतात. ३५२२ म्हणजे २०२२ मधील पस्तिसावा आठवडा. वेगाचे अक्षरही पाहावे : एच म्हणजे २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७० आणि वाय ३०० किलोमीटर. गाडीस नेमून दिलेल्या अक्षरापेक्षा खालच्या दर्जाचा टायर स्वस्त मिळतो म्हणून बसवू नये. हवा थंड टायरात मोजावी, आणि चाक काढले असता आतली कड हात फिरवून पाहावी.

शिक्षकांनी गतिज ऊर्जेचा पाठ शिकविताना हे पाण्याचे उदाहरण फळ्यावर सोडवून दाखवावे. वेग दुप्पट केला तर थांबण्याचे अंतर चौपट होते, ही गोष्ट मुलाला गाडीची किल्ली हाती येण्यापूर्वी कळलेली असणे हिताचे आहे. वाहन तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी कागदपत्रांइतकेच लक्ष टायराच्या आतल्या कडेकडे द्यावे. आणि ज्यांना वेगाची हौस आहे, त्यांनी गाडीच्या किमतीबरोबर ती थांबविण्याची किंमतही आधीच बाजूला काढून ठेवावी. ती चुकविली, तर रस्त्याने चालणाऱ्या निरपराध माणसाला ती भरावी लागते.