व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प आणि बाबांचा सिरीज बोर्ड

ज्यांना ऑफिसात किंवा लोकलमध्ये हेडफोन लावता येत नाहीत, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा एपिसोडचा लिखित मजकूर. बोललोय तसाच ठेवलाय, फक्त माझे "म्हणजे" आणि "अ‍ॅक्च्युअली" थोडे कमी केलेत.

आजचा विषय आहे गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर. विकत घेतलेला नाही, स्वतः बांधलेला, आणि तोही व्हॉल्व्हचा. काचेच्या नळ्या, आत केशरी उजेड, आजोबांच्या रेडिओत असायच्या ना, त्याच.

मी दिवसभर कोड लिहितो. कोड चुकला तर मागच्या व्हर्जनवर जातो, चहा पितो, परत येतो. इथे तसं नाही. या डब्याच्या आत साडेतीनशे व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि त्याला 'अन्डू'चं बटण नसतं. म्हणून आधीच सांगतो: हा एपिसोड ऐकून लगेच सोल्डरिंग आयर्न हातात घेऊ नका. शेजारी जाणता माणूस असल्याशिवाय तर नाहीच. का, ते पुढे कळेल.

मी बांधला तो फेंडर कंपनीचा '५ई३ डिलक्स'. साधारण १९५५ ते १९६० या काळातलं हे सर्किट. बाहेरून सुटकेसला लावतात तसं ट्वीडसारखं कापड, म्हणून याला 'ट्वीड डिलक्स' म्हणतात. नील यंगचा आवडता अ‍ॅम्प हाच. लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. कॅलिफोर्नियात फुलर्टनला त्याचं रेडिओचं दुकान होतं. गंमत म्हणजे त्याला गिटार वाजवता येत नव्हती.

रेडिओचं दुकान हे शब्द लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहेत.

आता हे चालतं कसं, ते दोन मिनिटांत. गिटारच्या पिकअपमधून येणारा सिग्नल अगदी किरकोळ असतो, व्होल्टचा काही दशांश. व्हॉल्व्ह म्हणजे नळाची तोटी समजा. आत तापलेल्या कॅथोडवरून इलेक्ट्रॉन निघतात आणि प्लेटकडे धावतात. मधे एक जाळी असते, ग्रिड. ग्रिडवरचा छोटासा व्होल्टेज तोटी किती उघडायची ते ठरवतो. छोटा हात, मोठा प्रवाह. ५ई३ मध्ये दोन छोटे व्हॉल्व्ह सिग्नल मोठा करतात, दोन ६व्ही६ मिळून ताकद देतात, आणि ५वाय३ नावाचा पाचवा व्हॉल्व्ह एसीचा डीसी करतो. एवढ्या सगळ्यातून मिळतात साधारण १२ वॅट. गणपतीतल्या एका बॉक्सच्या तुलनेत काहीच नाही. पण खोलीत लावून बघा, शेजारचे काका दहा मिनिटांत बेल वाजवतात.

आणि मजा पुढे आहे. व्हॉल्यूम वाढवत नेला की हे सर्किट हळूहळू 'फाटायला' लागतं. जोरात वाजवलं की ५वाय३ थोडा दमतो, व्होल्टेज खाली बसतो, आवाज क्षणभर दबतो आणि परत उसळतो. इंजिनिअरच्या नजरेतून हा दोष आहे. गिटारवाल्यांच्या लेखी सगळं त्यातच आहे.

रेझिस्टर, सॉकेट, वायर हे पुण्यात तपकीर गल्लीत मिळालं. पॉवर ट्रान्सफॉर्मर मात्र अमेरिकन चालत नाही. तो १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचा, आपल्याकडे २३० आणि ५०. फ्रीक्वेन्सी कमी म्हणजे त्याच व्होल्टेजला गाभा जास्त लागतो, नाहीतर ट्रान्सफॉर्मर तापून गुणगुणत बसतो. तो मी इथेच वाइंड करून घेतला. कॅबिनेट मूळ पाइनचं असतं. आपल्याकडे मशीनच्या पॅकिंगच्या पेट्या पाइनच्या येतात, त्याच फळ्या सुताराकडून रंधून घेतल्या.

राहिले व्हॉल्व्ह. ते बाहेरून मागवावे लागले. आज नवीन व्हॉल्व्ह बनवणारे कारखाने जगात मोजकेच, रशियात, स्लोव्हाकियात, चीनमध्ये. पाच व्हॉल्व्ह, वर कुरिअर, वर कस्टम ड्यूटी. बिल आलं त्या रात्री मी झोपलो नाही. पैशामुळे नाही.

माझ्या बाबांचं कराडला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. मी बीटेकच्या पहिल्या वर्षाला असताना ते बंद झालं. गाळा रिकामा करायला मी सुट्टीत गेलो होतो. माळ्यावर दोन खोकी होती, जुन्या व्हॉल्व्हची. वर्तमानपत्रात गुंडाळलेले, प्रत्येकावर बाबांच्या अक्षरात नंबर. मी विचारलंसुद्धा नाही. भंगारवाल्याला किलोवर दिली. मला वाटलं, घाण आवरतोय. संध्याकाळी बाबांनी माळ्याकडे बघितलं, "झालं का सगळं?" एवढंच विचारलं. मी "हो" म्हणालो. पुढे दहा वर्षं तो विषय आमच्यात निघाला नाही.

तर, अ‍ॅम्प बांधून झाला आणि योगायोगाने बाबा पुण्यात आले. डोळ्यांच्या तपासणीसाठी. मी टेबलावर सगळं मांडून बसलो होतो, प्लग हातात. ते दारातून म्हणाले, "थांब. डायरेक्ट लावतोस?"

मी म्हटलं, "बाबा, सगळं तीनदा तपासलंय."

"तपासणारा तूच, चुकणारा पण तूच," म्हणाले आणि आईला फोन लावला. दुसऱ्या दिवशी कराडहून येणाऱ्या शेजाऱ्यांबरोबर एक पिशवी आली. पिशवीत लाकडी फळी. फळीवर एक सॉकेट, एक बल्बचा होल्डर, काळं पडलेलं एक बटण. सिरीज बोर्ड. दुकानातून त्यांनी ठेवलेली ही एकच वस्तू. घरचा मिक्सर, शेजाऱ्यांची इस्त्री, सगळं ते त्यावर तपासतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: यात जुना १०० वॅटचा तारेचा बल्ब उपकरणाच्या सिरीजमध्ये येतो. एलईडी चालत नाही. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो, पण करंट अर्ध्या अँपिअरच्या आतच राहतो. काही जळत नाही. सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर पेटून मंद होतो. दोनशे रुपयांत होणारं डीबगर आहे हे.

बाबांनी क्रम सांगितला. आधी एकही व्हॉल्व्ह न लावता. बल्ब मंद. म्हणजे ट्रान्सफॉर्मर ठीक. मग फक्त ५वाय३. चार-पाच सेकंद गेले, त्याची तार तापली, आणि बल्ब वाढत वाढत लख्ख पेटला.

बाबांनी बटण बंद केलं. मला म्हणाले, "डावा हात खिशात घाल." एक हात खिशात असेल तर करंटला एका हातातून छातीमार्गे दुसऱ्या हातात जायला वाट मिळत नाही. प्लग काढला, रेझिस्टर लावलेल्या वायरने कपॅसिटर रिकामे केले, मीटरवर शून्य बघितलं, मगच आत डोकावलो. पहिला फिल्टर कपॅसिटर मी उलटा लावला होता. प्लस-मायनस उलट. तीनदा तपासून.

डायरेक्ट लावलं असतं तर तो कपॅसिटर फुटला असता, आणि माझा चेहरा त्याच्यापासून एक फुटावर होता. मी काहीच बोललो नाही. बाबाही नाहीत. नवीन कपॅसिटर लावला, बल्ब मंद राहिला. मग बाकीचे व्हॉल्व्ह, मग थेट लाइनवर. संध्याकाळी सातच्या सुमाराला त्या डब्यातून पहिला ई कॉर्ड वाजला.

आणि भयानक वाजला!

कारण स्पीकर. मी मित्राकडून पीएचा १२ इंची स्पीकर आणला होता, म्हटलं आठ ओहम आहे ना, झालं. आठ ओहम बरोबरच होतं. आउटपुट ट्रान्सफॉर्मर एका बाजूला व्हॉल्व्हना सुमारे ८००० ओहम दाखवतो आणि दुसऱ्या बाजूला ८. म्हणून व्हॉल्व्ह अ‍ॅम्प स्पीकरशिवाय कधीच चालू करायचा नाही. लोड नसेल तर आत प्रचंड व्होल्टेज उसळतो आणि ट्रान्सफॉर्मर जातो. पण पीएचा स्पीकर गाणं स्वच्छ ऐकवायला बनलेला असतो. फाटलेल्या आवाजातले वरचे कर्कश सूर तो इमानदारीत ऐकवतो. डब्यात गांधीलमाश्या भरल्यासारखं वाटतं. गिटारचा स्पीकर साधारण ५००० हर्ट्झच्या वर झपकन खाली येतो. त्याचा कागदी कोन जोरात वाजवल्यावर स्वतःही थोडा थरथरतो, आणि ती थरथर आवाजाचाच भाग असते. म्हणजे गिटारचा स्पीकर अर्धं वाद्य आहे.

मग दोन उमेदवार आले, दोन्ही उसने. एक सेलेशन ग्रीनबॅक, २५ वॅट, सिरॅमिक चुंबक. या इंग्लिश घराण्याची गोष्ट मस्त आहे. १९६२ मध्ये लंडनला जिम मार्शलच्या दुकानात फेंडरच्या बासमनवरून अ‍ॅम्प बनला, पण स्पीकर तिथले सेलेशन लावले. सर्किट जवळपास तेच, आवाज निराळा. दुसरा जेन्सनचा अल्निको स्पीकर, ट्वीड डिलक्समध्ये मूळ असायचा त्या घराण्यातला. अल्निको म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट. कोबाल्ट महाग, म्हणून हे चुंबकही महाग.

निवडताना तीन गोष्टी बघा. एक, इम्पीडन्स जुळतो का. दोन, वॅट. १२ वॅटचा अ‍ॅम्प पूर्ण फाटला की त्याहून बराच जास्त देतो, म्हणून १५ वॅटचा स्पीकर काठावर राहतो, २५ चा निवांत. तीन, सेन्सिटिव्हिटी. स्पेसिफिकेशनमध्ये ९५ डीबी आणि ९८ डीबी असे आकडे दिसतात. किरकोळ वाटतात, पण ३ डीबीचा फरक म्हणजे अ‍ॅम्पची ताकद दुप्पट केल्यासारखं. आणि इथेच फसगत होते. कानाला मोठा आवाज चांगला वाटतो. आपण "टोन" म्हणून निवडतो तो पुष्कळदा नुसता जास्त जोरात वाजणारा स्पीकर असतो.

म्हणून आम्ही फोनवरच्या मीटरने पातळी सारखी केली. मी भिंतीकडे तोंड करून बसलो, बाबा मागे स्पीकर बदलणार, दर वेळी अ‍ॅम्प बंद करून. दहा वेळा. फाटलेल्या आवाजात मी सहा वेळा बरोबर ओळखलं. म्हणजे नाणं उडवल्यासारखंच! तीन महिने व्हिडिओ बघून जे मत केलं होतं, ते असं गळून पडलं. स्वच्छ आवाजात मात्र फरक कळला. ग्रीनबॅक मधल्या सुरांना पुढे ढकलतो, बँडमध्ये उठून दिसेल. जेन्सनचा खर्ज जरा सैल, पण वर चमक आहे.

मी ग्रीनबॅककडे झुकलो होतो. बाबांना विचारलं. ते म्हणाले, "दुसऱ्यात प्रत्येक तार वेगळी ऐकू येते." मग अ‍ॅम्पच्या मागे गेले, कॅबिनेटची उघडी पाठ बघितली. "हा रेडिओच आहे रे. मागून उघडा, लाकडी खोका, आउटपुटचा व्हॉल्व्ह. फक्त स्टेशन लावायचं बटण काढलंय."

तेव्हा मी म्हटलं, "बाबा, ती माळ्यावरची दोन खोकी..."

"माहितीये," ते म्हणाले. "त्यात सहा-सातशे रुपयांचं पण सामान नव्हतं तेव्हा." मग थोडं थांबून, "आता काय पडतो एक?"

मी किंमत सांगितली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, "चल, वाजव. वरच्या मजल्यावरचे झोपायच्या आत."

जेन्सन ठेवला. सिरीज बोर्ड ते परत नेणार होते, पण जाताना टेबलावरच राहिला. मी फोन करून सांगितलं, विसरलात म्हणून. ते म्हणाले, विसरलो नाही.

अ‍ॅम्पचा आवाज या एपिसोडच्या शेवटी जोडलाय, हेडफोन लावून ऐका. तुमच्या घरच्या माळ्यावर अशी खोकी असतील, तर भंगारवाल्याला हाक मारायच्या आधी एकदा घरात विचारा. भेटू पुढच्या आठवड्यात!