पी. साईनाथ : घटनेमागचा शोध

दुष्काळाची बातमी बहुधा भेगाळलेल्या जमिनीच्या छायाचित्रापाशी थांबते. पी. साईनाथ तिथून पुढे गेले. १९५७ साली मद्रासला जन्मलेले आणि ‘ब्लिट्झ’मध्ये घडलेले हे पत्रकार १९९३ पासून देशातल्या अतिगरीब जिल्ह्यांत हिंडले. आपल्या इंदूरजवळचा झाबुआही त्यांत होता. दुष्काळाचा पैसा कुणाकडे जातो, हा त्यांचा प्रश्न. १९९६ सालचे त्यांचे पुस्तक मराठीत ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ या नावाने आले. दारिद्र्य ही घटना नसून प्रक्रिया आहे, हे त्यांनी दाखवले. पुढे विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवर लिहिले. २००७ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २०१४ मध्ये उभारलेली त्यांची ‘परी’ मराठीतही वाचता येते. झाबुआ आपल्या शेजारी आहे. त्याची खबर आपल्या मराठीत किती येते?