जलक्रीडा-उद्यानाचें नामकरण

नव्या जलक्रीडा-उद्यानाला नांव शोधणें वाटतें तितकें सोपें नाहीं. पाणी आणि घसरगुंड्या सर्वत्र सारख्याच. वेगळेपण सांगावयाचें तें नांवानेंच.

अमेरिकेंत फ्लोरिडांतील ऑरलँडो येथें जॉर्ज मिले यांनीं १९७७ सालीं 'वेट एन वाइल्ड', म्हणजे 'चिंब नि बेफाम', हें उद्यान काढलें. दोन इवलेसे शब्द, आरंभींचा ध्वनि एकच. एकदां ऐकले कीं जिभेवर बसले. तें उद्यान २०१६ अखेर बंद झालें. नांवाचा ठेका मात्र कानांत राहतो.

टेक्सासमधील न्यू ब्राउनफेल्स हें गांव १८४५ सालीं जर्मन वसाहतकऱ्यांनीं वसविलें. तेथें १९७९ सालीं निघालेल्या उद्यानाला त्यांच्याच भाषेच्या वळणाचें 'श्लिटरबान', म्हणजे 'निसरडी वाट', हें नांव मिळालें. उच्चारास तें अवघड खरें; पण त्यांत गांवाचा इतिहास आहे आणि घसरण्याची मौजही.

तेव्हां नांव निवडणारांनीं स्वतःस दोन प्रश्न विचारावे. एकदां ऐकून लहान मूल तें घरीं बिनचूक सांगेल काय? आणि त्यांतून त्या गांवाची, तेथील पाण्याची कांहीं खूण पटेल काय? निदान एका प्रश्नास होकार मिळेपर्यंत पाटी रंगविण्याची घाई करूं नये. पाटी पुसतां येते. लोकांच्या तोंडीं बसलेलें नांव पुसतां येत नाहीं.