सरहद्दीवरचा पालक आणि महाविद्यालयाचा शोध



चांगले महाविद्यालय कोणते, हे आपण विचारतो. नौबादच्या पालकाला मात्र त्याआधी दुसराच प्रश्न सोडवावा लागतो : आपला मुलगा कोणत्या राज्याचा विद्यार्थी ठरतो? १९५६ पर्यंत हा प्रश्न नव्हता. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तेव्हा बीदर जिल्ह्यातच होते. राज्यपुनर्रचना झाली आणि उदगीर परराज्यात गेले. भालकी, कमालनगर, उदगीर अशी आगगाडी अजून त्याच रुळांवरून धावते. प्रवेशाचा अर्ज मात्र त्या वाटेने जात नाही.

आपल्यातील कित्येक पालक दहावीनंतर मुलाला लातूरला ठेवतात. तेथील शिकवण्यांची कीर्ती खोटी नव्हे. पण बारावी लातूरला केली म्हणजे महाराष्ट्रातील वैद्यकीय जागेवर हक्क आला, ही समजूत घातक आहे. तेथे सर्वसाधारणपणे दहावी व बारावी दोन्ही महाराष्ट्रातून आणि शिवाय अधिवासाचा दाखला लागतो. सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी महाराष्ट्राने सवलत ठेवली आहे खरी; परंतु महाराष्ट्राचा दावा आहे तो ८६५ गावांवर. आपले गाव त्या यादीत आहे काय, हे आधी पाहावे आणि मग लातुरात खोली भाड्याने घ्यावी.

उलट कर्नाटकाचा सर्वसाधारण नियम असा, की पहिली ते बारावीपैकी सात वर्षे या राज्यात झालेली असावीत आणि दहावी किंवा बारावी येथून उत्तीर्ण असावी. म्हणजे दहावीपर्यंत येथे शिकलेला मुलगा लातूरहून परतला तरी येथील सरकारी कोट्यास मुकत नाही. त्यात संसदेने २०१२ साली संमत केलेल्या घटनादुरुस्तीने ३७१-जे हे कलम आले. त्यामुळे कल्याण कर्नाटकातील शिक्षणसंस्थांत ७० टक्के आणि उर्वरित राज्यात ८ टक्के जागा आपल्या भागातील मुलांसाठी आहेत. त्याचा दाखला साहाय्यक आयुक्तांच्या कचेरीतून मिळतो. निकालानंतर तेथे केवढी रांग लागते, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगावयास नको!

आता पैशाचे. कोटा बदलला की त्याच बाकाची किंमत बदलते. १९९२ साली सर्वोच्च न्यायालयात गाजलेल्या मोहिनी जैन खटल्यात, कर्नाटकातील खाजगी वैद्यकीय महाविद्यालयात सरकारी जागेस वर्षाला २,००० रुपये, तर परराज्यातील विद्यार्थ्यास ६०,००० पर्यंत, असे दर होते. नियम पुढे पुष्कळ बदलले, तफावत गेली नाही. म्हणून माहितीपत्रकातील इमारतीचे चित्र नंतर पाहावे. आपल्या मुलास कोणत्या कोट्यात जागा मिळते, ते आधी विचारावे.

आणि लांबचेच चांगले, हा आग्रह कशाला? बीदरमध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, अभियांत्रिकीचे आहे, पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे. घरी जेवून जाणाऱ्या मुलाची खाणावळ व खोलीभाडे वाचते. ती रक्कम चार वर्षांची धरली, तर धाकट्या बहिणीचे शिक्षण त्यात बसू शकेल.

सभा संपल्यावर मी येथेच बसणार आहे. ज्यांना विचारावयाचे असेल त्यांनी मुलांच्या शाळांचे दाखले, पहिलीपासूनचे, बरोबर घेऊन यावे.