शेततळ्यात पाणी घ्या, गाळ नको



पहिला दणकून पाऊस झाला की अंबडच्या शिवारातले ओहोळ गढूळ होऊन वाहू लागतात. ते पाणी शेततळ्यात घेतले की माती तळाशी बसते आणि साठवण दरसाल घटते. तळ्याला प्लॅस्टिकचा कागद असेल तर गाळ काढताना फावडे लागून तो फाटतो. म्हणून तळ्याच्या तोंडाशी आधी गाळाचा खड्डा हवा. तो केवढा असावा, ते आज पाहू.

पुष्कळ जण खड्डा नुसता खोल खणतात. पण खड्डा दुप्पट खोल केला तर पाणी दुप्पट वेळ थांबते, आणि मातीच्या कणालाही तळ गाठायला दुप्पट अंतर जावे लागते. फायदा काहीच नाही! खोलीपेक्षा पसारा महत्त्वाचा, हे ॲलन हेझन या अमेरिकन अभियंत्याने १९०४ सालीच मांडले होते.

पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात नद्या-धरणांच्या लहान प्रतिकृती करून पाण्याची चाल पाहतात. आपली प्रतिकृती म्हणजे काचेची बाटली. भर पावसात ओहोळाचे पाणी तीत ८ इंच भरा, चांगले हलवा आणि स्थिर ठेवा. १०० सेकंदांत जी माती तळाशी बसेल, तेवढी माती पुढे सांगितलेला खड्डा अडवील.

आता हिशेब करू. तासाला १ इंच पाऊस पडला तर एका एकरावर सुमारे १ लाख लिटर पाणी पडते. त्यातले निम्मे वाहते असे धरले तर सेकंदाला सुमारे १४ लिटर पाणी येते. त्याला ७५ चौरस फुटांचा खड्डा पुरतो. पण वाहते पाणी बाटलीतल्यासारखे शांत नसते, म्हणून दुप्पट धरा: १५० चौरस फूट, म्हणजे २५ फूट लांब आणि ६ फूट रुंद. जितके एकर, तितके पट. माती बसायला १०० सेकंदांऐवजी १० मिनिटे लागली, तर खड्डा सहापट लागेल.

काळ्या जमिनीतली अगदी बारीक चिकणमाती मात्र दिवस-दिवस खाली बसत नाही. तिला कोणताही खड्डा पुरणार नाही. ती शेतातच अडवा: उताराला आडवी पेरणी करा, बांधावर गवत राखा.

खड्डा ३ फूट खोल पुरे. पाणी आत येते तिथे दगड रचा, म्हणजे वेग मोडेल. सांडवा समोरच्या टोकाला, रुंद आणि सपाट ठेवा. खड्डा निम्मा भरला की गाळ काढून शेतात पसरा. ती आपलीच माती आहे.

शेवटी एक महत्त्वाची गोष्ट. अंबडला शेजारीच औद्योगिक वसाहत आहे. कारखान्यांच्या आवारातून किंवा रस्त्यावरून येणारे पाणी तळ्यात वा विहिरीत घेऊ नका. खड्ड्यात माती बसते. पाण्यात विरघळलेले क्षार आणि रसायने बसत नाहीत. निवळ दिसणारे पाणी शुद्ध असतेच असे नाही. त्या पाण्याला वेगळा चर काढून द्या आणि त्या बाजूचा गाळही शेतात टाकू नका.

तेव्हा खड्डा खणण्याआधी बाटली भरून पाहा.