आधी सोबत, मग आत्मविश्वास

(मुलींच्या वसतिगृहांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांबद्दल आपण इथे कशासाठी बोलायचं, असं काहीजणींना वाटलं असेल. तसं हे नातं जुनं आहे. जोतिबांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या लोकांना. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचं नाव तिथल्या ब्लॅक पँथरवरून आलं. पण माझं कारण याहून साधं आहे. एमएसडब्ल्यू करताना क्षेत्रकार्यासाठी मला तिथल्या एका सरकारी विद्यापीठात, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या केंद्रात पाठवलं होतं. तिथे जे पाहिलं ते आज इथल्या वसतिगृहात मला रोज उपयोगी पडतं.

आपल्याकडे एक रीत पडून गेली आहे. घरातली पहिलीच शिकणारी मुलगी शहरात येते. वर्गात बोलत नाही, मागच्या बाकावर बसते. आपण म्हणतो, हिच्यात आत्मविश्वास नाही. मग व्यक्तिमत्त्व विकासाचं दोन दिवसांचं शिबिर, शेवटी प्रमाणपत्र आणि फोटो. सोमवारी मुलगी पुन्हा मागच्याच बाकावर! कारण बाकीचा वर्ग जसा होता तसाच असतो. तिच्या शेजारी बसायला कोणी आलेलं नसतं.

१९७० च्या दशकात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात युरी ट्रायझमन नावाच्या गणिताच्या तरुण अभ्यासकाला असाच प्रश्न पडला. हुशार कृष्णवर्णीय मुलं पहिल्या वर्षीच्या गणितात नापास का होतात? प्राध्यापकांना विचारलं तर उत्तरं तयार होती: जिद्द कमी, पाया कच्चा, घरून पाठबळ नाही. ट्रायझमन विद्यार्थ्यांमध्येच जाऊन राहिला, ते अभ्यास कसा करतात ते पाहिलं, आणि ही तिन्ही उत्तरं चुकीची निघाली. मुलं भरपूर अभ्यास करत होती, घरच्यांनी त्यांच्यासाठी खस्ता खाल्ल्या होत्या. पण ती एकेकटी अभ्यास करत होती. मित्र वेगळे, अभ्यास वेगळा. चिनी वंशाची मुलं मात्र आपापला अभ्यास झाला की एकत्र जमत, एकमेकांची उत्तरं तपासत, कोणाचं कुठे चुकलं ते सांगत. आपण अडलो तसे दुसरेही अडतात, हे त्यांना तिथेच कळे. एकट्या बसलेल्या मुलाला ते कधीच कळत नसे. त्याला वाटे, मीच ढ आहे.

ट्रायझमनने मग काय केलं? ‘कच्च्या मुलांचा वर्ग’ काढला नाही. उलट नेहमीपेक्षा अवघड गणितं दिली, आणि ती गटात बसून सोडवायला लावली. या गटांत आलेल्या कृष्णवर्णीय मुलांचं नापास होणं झपाट्याने कमी झालं. पुढे अनेक विद्यापीठांनी ही पद्धत उचलली. आपण ज्याला जादा तास म्हणतो त्यात मुलीला पहिल्याच दिवशी सांगितलं जातं की तू कमी आहेस. इथे तिला सांगितलं गेलं की तू हे करू शकतेस, आणि तुझ्यासोबत आणखी पाचजणी आहेत.

आता मी स्वतः पाहिलेलं सांगते. सत्र सुरू झालं की पहिल्या वर्षाच्या मुली केंद्रात येत. त्यांचा पहिला प्रश्न अभ्यासाचा नसे. “या गावात माझे केस कोण करून देईल?” हा असे. गोऱ्या वस्तीचं गाव. त्यांच्या केसांचं काम येणारी बाई जवळपास नव्हती. मग रविवारी संध्याकाळी वरच्या वर्गातल्या मुली केंद्रातल्या सोफ्यावर बसत, नव्या मुली पुढ्यात जमिनीवर. बारीक बारीक वेण्या घालायला चार-चार तास लागत. आपल्याकडे ओसरीवर वेणीफणी करताना होतात तशाच गप्पा व्हायच्या. कोणते प्राध्यापक शंका विचारलेली चालवून घेतात, शिष्यवृत्तीचा अर्ज कधीपर्यंत भरायचा, प्रयोगशाळेत कोणी जोडीला घेत नसेल तर काय करायचं. त्याला समुपदेशन असं कोणी म्हणत नव्हतं. माझं काम किल्ली सांभाळायचं, रविवारी इमारत उघडी ठेवायची परवानगी काढायचं आणि खाण्याची बिलं मंजूर करून घ्यायचं. हे काम हलकं आहे असं मला कधी वाटलं नाही. खोली, वेळ आणि पैसा मिळवून देणं हा समाजकार्याचा गाभाच आहे.

या बायकांची परंपराही मोठी आहे. वॉशिंग्टनचं हॉवर्ड विद्यापीठ हे मुख्यतः कृष्णवर्णीयांसाठी निघालेलं. तरीही तिथल्या मुलींना स्वतःची संघटना लागली. १९०८ साली अल्फा कॅपा अल्फा निघाली, १९१३ साली २२ मुलींनी डेल्टा सिग्मा थीटा काढली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये त्या वॉशिंग्टनमधल्या स्त्रियांच्या मताधिकाराच्या मोर्चात चालल्या. म्हणजे आपल्या माणसांतही बाईला बाईची वेगळी जागा लागते. हे तुम्हाला मी सांगायला नको.

अशी जागा मागितली की एक आक्षेप ठरलेला. “तुम्हीच वेगळ्या बसता, मग समाज एक कसा होणार?” बेव्हर्ली डॅनियल टेटम या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९७ साली याच प्रश्नावर पुस्तक लिहिलं: जेवणघरात काळी मुलं एकत्र का बसतात? त्यांचं म्हणणं असं, की वंशभेदाचा ताण जिला सोसावा लागतो तिला तो समजणारी माणसं लागतात. गोरी मुलंही एकत्रच बसलेली असतात. त्यांच्याकडे बोट मात्र कोणी दाखवत नाही! आपल्या वसतिगृहांतही कोणाचं टेबल ‘जातीचं’ दिसतं आणि कोणाचं नुसतं ‘मैत्रीचं’ दिसतं, ते पाहा.

दुसरी बाजूही सांगायला हवी. २०११ साली ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. पहिल्या वर्षाच्या मुलांना तासाभरात एवढंच समजावलं, की सुरुवातीला सगळ्यांनाच परकं वाटतं आणि हळूहळू ते कमी होतं. वरच्या वर्गातल्यांचे अनुभव वाचायला दिले, मग स्वतःचा अनुभव पुढच्या मुलांसाठी लिहायला लावला. पुढच्या तीन वर्षांत कृष्णवर्णीय आणि गोऱ्या मुलांच्या गुणांतलं अंतर निम्म्यावर आलं. हे ऐकून कोणाही संस्थाचालकाला आनंद होईल, कारण खर्च नाही! पण २०२३ साली २२ संस्थांत जवळजवळ २७ हजार विद्यार्थ्यांवर हाच उपाय तपासला, तेव्हा जिथे त्या गटातल्या मुलांना सामावून घेणारं वातावरण खरोखर होतं तिथेच तो लागू पडला. दार बंद असताना मुलीला धीराच्या चार गोष्टी सांगून काही होत नाही.

आणि दारं बंद होतातही. जून २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्याची मुभा काढून घेतली. १ जानेवारी २०२४ पासून टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांना विविधता आणि समावेशासाठीची कार्यालयं ठेवता येईनाशी झाली. त्याच वर्षी युटा राज्यात नवा कायदा आला आणि युटा विद्यापीठातलं ब्लॅक कल्चरल सेंटर बंद झालं. संस्थेने दिलेली खोली संस्था परत घेऊ शकते. म्हणून खोली मागायचीच, पण मुलींची आपली संघटना खोलीवर अवलंबून ठेवायची नाही. १९०८ च्या मुलींकडे कुठे स्वतःची इमारत होती?

आपल्याकडे एकटं पडण्याची किंमत काय असते ते २०१६ मध्ये हैदराबादला रोहित वेमुलाच्या आणि २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवीच्या मृत्यूने दाखवलं. राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोन आयांनी २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, ती विद्यापीठांतला जातिभेद रोखणारी यंत्रणा खरोखर चालावी म्हणून. आपण मुलींची सोबत उभी करतो तेव्हा तक्रारीची वाटही उघडी ठेवली पाहिजे. नाहीतर सोबत म्हणजे एकत्र बसून सोसणं.

तेव्हा आज उठण्यापूर्वी प्रत्येकीने आपापल्या वसतिगृहापुरतं ठरवूया. आठवड्यातून एक संध्याकाळ आणि एक खोली, जिथे अधीक्षिका हजेरी घेणार नाहीत. वरच्या वर्गातल्या दोन मुली, ज्यांना या कामाचे पैसे मिळतील; फुकट राबवण्याची सवय आपल्या संस्थांनाही आहेच. गणित-इंग्रजीचे गट, ज्यांच्या दारावर ‘कच्च्या मुली’ असं लिहिलेलं नसेल. आणि तक्रार आली तर ती लेखी घेऊन पुढे नेणारी एक कार्यकर्ती. दोन्ही मुलींची आणि त्या कार्यकर्तीचं नाव या कागदावर लिहा. प्रवेश जूनमध्ये सुरू होतील, कागद मी मे महिन्यात पुन्हा काढणार आहे.