कारखान्याची नोंद आणि दवाखान्याची नोंद



आज मी एका जंतूबद्दल बोलणार आहे. त्याचं नाव लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस. पटकी किंवा विषमज्वराचे जंतू आपल्या घराघरांना माहीत आहेत, हा तितका माहीत नाही. पण शिजवून, थंड करून, पाकिटात भरून विकल्या जाणाऱ्या अन्नाच्या कारखान्यांत त्याचा मोठा धाक आहे. तो का, हे कळण्यासाठी दक्षिण आफ्रिकेत जाऊ.

2017 चा जुलै महिना. जोहान्सबर्ग आणि प्रिटोरिया इथल्या दोन मोठ्या सरकारी रुग्णालयांत नवजात बालकांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की तान्ह्या बाळांमध्ये हा जंतू नेहमीपेक्षा फार वेळा सापडतो आहे. त्यांनी ही गोष्ट तिथल्या राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्थेला कळवली. संस्थेनं प्रयोगशाळांच्या जुन्या नोंदी चाळल्या आणि रुग्ण देशभर विखुरलेले आहेत हे दिसलं. 5 डिसेंबरला आरोग्यमंत्री आरन मोत्सोआलेदी यांनी साथ जाहीर केली. सरकारला कळवणं सक्तीचं असलेल्या रोगांच्या यादीत तोपर्यंत लिस्टेरियाचा आजार नव्हता. त्याच महिन्यात तो यादीत आला.

साथ आहे हे कळलं, पण ती येते कुठून? हा जंतू पोटात गेल्यावर आजार दिसायला कधी कधी 70 दिवस लागतात. दोन महिन्यांपूर्वी काय खाल्लं होतं, हे रुग्णाला विचारून किती आठवणार? तरीही रुग्णांच्या मुलाखतींत एक पदार्थ पुन्हा पुन्हा येत होता: पोलोनी. ही शिजवलेली, गुलाबी रंगाची, जाड सॉसेज. स्वस्त असल्यामुळे ती गरिबाच्या पावात आणि मुलांच्या डब्यात रोज असायची.

जानेवारी 2018 मध्ये सोवेटोतल्या एका पाळणाघरातली मुलं जुलाब-उलट्या होऊन रुग्णालयात आली. तिथल्या डॉक्टरांना शंका आली आणि त्यांनी नमुने पाठवले. आरोग्य निरीक्षक पाळणाघरात पोचले, फ्रीज उघडला आणि आतली पोलोनी ताब्यात घेतली. तिच्यात साथीचाच जंतू निघाला. तिथून माग निघाला तो उत्तरेकडच्या पोलोक्वाने शहरातल्या एका कारखान्यापर्यंत. तिथल्या नमुन्यांतल्या जंतूंचा जनुकीय आराखडा रुग्णांतल्या जंतूंशी जुळला. 4 मार्चला माल बाजारातून परत घेण्याचा हुकूम निघाला. तोवर तो माल 15 देशांत जात होता. साथ ओसरेपर्यंत प्रयोगशाळेनं खात्री केलेले 1,060 रुग्ण झाले आणि 216 जण दगावले. रुग्णांत मोठा वाटा गर्भवती आणि नवजात बालकांचा होता. या जंतूची जगाला माहीत असलेली ही सर्वांत मोठी साथ.

आता तुम्ही विचाराल, पोलोनी तर शिजवलेली असते, मग जंतू जिवंत कसा? प्रश्न अगदी बरोबर आहे. अन्नाच्या मध्यभागी 70 अंश सेल्सिअस तापमान दोन मिनिटं टिकलं, तर या जंतूंच्या दहा लाखांतला जेमतेम एक उरतो. उष्णतेपुढे तो दुबळा आहे. त्याचं बळ शिजवल्यानंतर दिसतं. पदार्थ थंड होतो, सोलला जातो, कापला जातो, बांधला जातो. या वाटेवरचं यंत्र, पट्टा, गटार, छतावरून ठिबकणारं पाणी, कामगाराचे बूट, यांपैकी कुठेही तो घर करून बसलेला असतो. पोलोक्वानेतही हा जंतू शिजवल्यानंतरच्या भागात सापडला. एकदा पदार्थावर बसला की त्याला थांबवायला पुढे आच नाही. उरते ती थंडी, आणि थंडी त्याला मानवते. शून्य अंशाच्या आसपासही तो सावकाश वाढतो. ज्या फ्रीजवर आपण विश्वास टाकतो, तिथे इतर जंतू मंदावतात आणि याला मैदान मोकळं मिळतं.

हे ज्ञान फार जुनं नाही. 1924 साली केंब्रिजच्या प्रयोगशाळेतले ससे मरू लागले तेव्हा हा जंतू प्रथम नीट ओळखला गेला. 1927 साली जोहान्सबर्गच्या पिरी यांना तो रानउंदरांत मिळाला आणि शस्त्रक्रियेत निर्जंतुकता आणणाऱ्या जोसेफ लिस्टर यांच्या स्मरणार्थ त्यांनी त्याला नाव दिलं. माणसाला तो अन्नातून बाधतो, याचा पक्का पुरावा मात्र 1981 साली कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात मिळाला. तिथे 41 जण आजारी पडले. त्यांतले 34 रुग्ण गर्भारपणाशी किंवा नवजात बाळांशी निगडित होते. कारण निघालं कोबीची कोशिंबीर. ज्या शेतात तो कोबी पिकला होता, तिथे मेंढ्यांचं खत घातलं होतं आणि त्या कळपातल्या दोन मेंढ्या याच रोगानं मेल्या होत्या. तोडलेला कोबी हिवाळाभर थंड कोठारात राहिला आणि त्या थंडीत जंतू वाढत गेला.

मग कारखान्यानं करायचं काय? पहिला विचार सुचतो तो तयार माल तपासण्याचा. या विचारातली उणीव 1960 च्या दशकात अमेरिकेत स्पष्ट झाली. अंतराळवीरांसाठी अन्न तयार करायचं होतं. पिल्सबरी कंपनीचे हॉवर्ड बाउमन, नासा आणि अमेरिकी सैन्याची नेटिक इथली प्रयोगशाळा यांनी हिशेब मांडला. अंतराळात कुणालाही बाधा होणार नाही अशी खात्री तपासणीतून द्यायची, तर बनवलेल्या अन्नाचा बराचसा भाग तपासण्यातच संपेल. म्हणून त्यांनी उलट्या बाजूनं सुरुवात केली. कच्च्या मालापासून बांधणीपर्यंत धोका कुठे शिरू शकतो ते आधी लिहून काढायचं, त्यातले निर्णायक टप्पे ठरवायचे, प्रत्येकाची मर्यादा आकड्यात बांधायची, ती पाळली जाते का ते त्याच वेळी मोजायचं आणि नोंदवायचं. यालाच कारखान्यांत हॅसॅप म्हणतात. 1993 मध्ये कोडेक्स या आंतरराष्ट्रीय संस्थेनं त्याची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली.

लिस्टेरियाच्या बाबतीत एवढंही पुरत नाही. पाण्याच्या माठाला आतून बुळबुळीत थर धरतो, तसा थर धरून हा जंतू यंत्राच्या सांध्यांत राहतो. वरून फेस आणि औषध फिरवलं तरी तो थराखाली सुखरूप असतो. म्हणून यंत्र खोलावं लागतं, घासावं लागतं, कोरडं ठेवावं लागतं. कच्च्या आणि शिजवलेल्या बाजूची माणसं, बूट, हत्यारं वेगळी ठेवावी लागतात. आणि गटारातून, पट्ट्याखालून, कापणीयंत्राच्या पोटातून नियमित नमुने घेऊन जंतू मुद्दाम शोधावा लागतो. जोडीला इतर उपायही आहेत. पदार्थात लॅक्टेट क्षार घालतात, बांधलेल्या पाकिटावर हवेच्या दाबाच्या सुमारे सहा हजार पट दाब देतात, जंतूंना खाणारे विषाणू फवारतात. या विषाणूंना अमेरिकेनं 2006 मध्ये परवानगी दिली. हे उपाय स्वच्छतेला हातभार लावतात, तिची जागा घेत नाहीत.

नमुने घेऊनही कसं फसतं, ते 2008 साली टोरॉन्टोत दिसलं. तिथल्या एका मांसप्रक्रिया कारखान्याच्या कापणीयंत्रांच्या आत हा जंतू बसला होता. 57 जण आजारी पडले, 22 दगावले. पुढच्या चौकशीत कळलं की साथीआधीच कारखान्याच्या आवारातल्या नमुन्यांत लिस्टेरिया वारंवार निघत होता. दर वेळी सफाई झाली. पण हे निकाल ओळीनं मांडून त्यांचा अर्थ कुणी लावला नाही, आणि ते सरकारी यंत्रणेला कळवण्याचं बंधनही नव्हतं. कारखान्याला अर्धं ठाऊक होतं. उरलेलं अर्धं रुग्णालयांत होतं.

श्रोतेहो, माझं सारं म्हणणं इथे येऊन थांबतं. कारखान्याच्या भिंतीआड एक नोंदवही असते, दवाखान्यात दुसरी. या दोन्ही एकमेकींशेजारी उघडल्या तरच जंतू पकडला जातो. अमेरिकेनं 2013 पासून लिस्टेरियाच्या प्रत्येक रुग्णातल्या जंतूचा संपूर्ण जनुकीय आराखडा काढायला सुरुवात केली. अन्नात आणि कारखान्यांत मिळालेल्या जंतूंचे आराखडेही त्याच भांडारात जातात. त्यामुळे पूर्वीपेक्षा अधिक साथी उघडकीस येऊ लागल्या आणि प्रत्येक साथीतले रुग्ण कमी झाले. साथी वाढल्या नव्हत्या. त्या लवकर दिसू लागल्या आणि लहान असतानाच थांबू लागल्या.

आपल्याकडे अन्न सुरक्षा आणि मानके कायदा 2006 चा आहे. परवान्यासाठी पाळायचे स्वच्छतेचे नियम, कारखान्यांत ज्यांना शेड्यूल फोर म्हणतात ते, चांगले तपशीलवार आहेत. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम 2004 पासून चालू आहे आणि त्यात अन्नविषबाधेच्या साथी नोंदवल्या जातात. तरीही लग्नाच्या किंवा वसतिगृहाच्या जेवणातून बाधा झाल्याची बातमी वाचा: इतके जण दाखल, सलाइन लावलं, प्रकृती स्थिर. जंतू कोणता, आला कुठून, याचं उत्तर पुढच्या बातमीत क्वचितच मिळतं. उरलेलं अन्न फेकलेलं असतं आणि रुग्णाचा नमुना घेतलेला नसतो. फ्रीजमधलं तयार अन्न आपल्या शहरांत वाढत असताना ही उणीव आपल्याला परवडणारी नाही.

म्हणून काही मागण्या करतो. डॉक्टरांना विनंती अशी की गर्भवतीला कारण न कळणारा ताप असेल, तर औषध सुरू करण्यापूर्वी रक्ताचा नमुना जंतूतपासणीला पाठवा. सर्रास वापरली जाणारी सेफॅलोस्पोरिन औषधं लिस्टेरियावर चालत नाहीत, तिथे अँपिसिलिन लागतं. जंतू ओळखला नाही तर उपचारही चुकतो. कारखानदारांना विनंती अशी की जंतू शोधण्यासाठी नमुने घ्या, फक्त कागद पुरा करण्यासाठी घेऊ नका. शासनाला विनंती अशी की ज्यानं जंतू शोधला, स्वतःहून कळवला आणि माल थांबवला, त्याला गुन्हेगाराच्या रांगेत उभं करू नका. नाहीतर कुणी शोधणारच नाही. आणि तुम्हा सर्वांना विनंती अशी की फ्रीज पाच अंशांच्या खाली ठेवा, उरलेलं अन्न वाफ येईपर्यंत गरम करा आणि घरातल्या गर्भवतीला कच्च्या दुधाचे पदार्थ देऊ नका.

सोवेटोच्या डॉक्टरांनी मुलांचे जुलाब नेहमीचेच समजून सोडून दिले असते, तर तो कारखाना आणखी किती दिवस चालू राहिला असता? नमुना घेणं आणि तो नोंदवणं हे काम रुक्ष दिसतं, पण सार्वजनिक आरोग्य त्यावरच उभं आहे. ते काम करणाऱ्या माणसांना पैसा, प्रयोगशाळा आणि मान द्या, अशी मागणी तुम्ही तुमच्या नगरसेवकाकडे, आमदाराकडे करा.